घर, पाळ, बोडी, वावर

मामा,

तुझ्या तेरवीला पंगतीत पहिलं ताट माझ्यापुढे आलं. आपल्या घरची रीतच ती. भाची बसल्याशिवाय पंगत बसत नाही आणि तिनं घास उचलल्याशिवाय कुणी उचलत नाही. मामीनं स्वतः भात वाढला, वरण घातलं, तूप सोडलं. मी नुसती बघत बसले. मांडवातली सगळी माणसं हात आवरून माझ्याकडे बघत होती. शेवटी तुझ्या ऑर्केस्ट्रात ऑर्गन वाजवणारे टेकरामकाका शेजारून हळूच म्हणाले, "घे ना वो बाई, लोकं भुकेले बसून हायेत." तेव्हा मी घास घेतला.

"पोरीले लय लागलं," असं मागे बायका बोलत होत्या. लागलं होतंच. पण मला रागही आला होता, आणि ज्याच्या नावाचं जेवण आहे त्याच्यावरच राग असला तर घास कसा गिळायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही. आता होस्टेलवर परत येऊन सहा दिवस झाले. राग जात नाही. म्हणून लिहिते आहे. तुला लिहिलेलं तू वाचणार नाहीस हे मला कळतं. पण दुसऱ्या कुणाला सांगायला गेलं तर ते आधी तुझी बाजू घेतात. मेलेल्या माणसाची बाजू सगळेच घेतात.

तू कसा गेलास ते मी पुन्हा सांगणार नाही. बपेऱ्याला उन्हाळी धानाच्या बोअरवर मोटार बसवायला गेलास, मोटार चालू झाली, पाणी आलं, तू "आलं" म्हणालास आणि खाली बसलास. एवढंच मला माहीत आहे आणि एवढ्यानं माझं भागत नाही.

मला सिहोऱ्याचं तुझं दुकान आठवतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई मला आमच्या गावाहून, कारध्याहून, तुझ्याकडे सोडायची आणि मी दिवसभर मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसायची. जळालेल्या मोटारी दाराशी रांगेत ठेवलेल्या. आत वार्निशचा वास, तांब्याच्या तारेची रिळं, आणि भिंतीवर त्या रिळांच्या मधोमध खिळ्याला टांगलेली तुझी लाल गिटार. लग्नसराईत ती ऑर्केस्ट्रात जायची. बाकीचे दिवस ती दुकानात असायची आणि तारा गुंडाळून झाल्या की तू हात पुसून ती खाली काढायचास. दुरुस्त झालेली मोटार तपासायला सुरू केली की तिचा गुणगुणाट जी सुराच्या जवळपास यायचा, जरासा चढा. "हे पाय, मोटारबी सुरात हाये," असं तू गिऱ्हाइकाला सांगायचास. गिऱ्हाईक म्हणायचं, "पाणी फेकते का नाई ते सांग ना गा."

रॉक तुला कुठून लागलं ते मला कधी नीट कळलं नाही. नागपूरच्या कुठल्या गिटारवाल्यानं तुला एक मेमरी कार्ड भरून दिलं होतं म्हणे. सगळी इंग्रजी गाणी. तुला त्यातला एक शब्द समजत नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणालास, "समजत नाई तेच बरं हाये. शब्द समजले का माणूस चालीकडं पायतच नाई."

आणि मला कॉर्डची नावं समजत नव्हती. सी, जी, एफ ही अक्षरं मला शाळेतल्या इंग्रजीच्या पुस्तकासारखी वाटायची, भीती वाटायची. मग तू दुकानाच्या फरशीवर खडूनं गाव काढलंस. सी म्हणजे घर. जी म्हणजे तलावाची पाळ. तिथे उभं राहिलं की घर दिसतं आणि खाली उतरावंसं वाटतं, फार वेळ तिथे थांबवत नाही. ए मायनर म्हणजे बोडी, आपल्या शेताजवळची लहान तळी, सावलीतली, पाणी थंड. आणि एफ म्हणजे वावर, मोकळं, वारा लागतो. "आता फिर," म्हणालास. "कोठूनबी कोठी जा. पण पाय कुठं पडला ते ध्यानात ठेव."

मी आज कॉलेजात शिकते, चार पुस्तकं वाचली आहेत, पण कॉर्ड कसे वाटतात हे मला अजून तुझ्याच शब्दांत कळतं. सी वरून बी फ्लॅट आणि मग एफ वाजवलं की तू म्हणायचास, ही ब्रेक नसलेली सायकल पाळीवरून सोडली. खरंच तसं वाटतं, आणि हसूही येतं. ए मायनर, जी, एफ, ई असं उतरत जाणं म्हणजे विहिरीच्या पायऱ्या. शेवटच्या ई वर पाण्याशी उभं राहायचं आणि मान वर करून बघायचं. दोनच तारांचा जो जाड कॉर्ड असतो, ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात, तो तू जुन्या ॲम्प्लिफायरचा आवाज फाटेपर्यंत वाढवून वाजवायचास. शेजारचा सायकलवाला ओरडायचा, "विजूभाऊ, डबा फुटला काय?" मी विचारलं होतं, हा कॉर्ड आनंदी आहे की दुःखी? तू तो पुन्हा वाजवलास. मग म्हणालास, "याच्यात ते सांगणारी तारच नाई. घर दिसते, पण आतमंदी कोण हाये ते दिसत नाई. म्हून तं आंगावर काटा येते."

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं ते इथलंच. मला गाणं बोडीवर सोडून द्यायला आवडायचं. ए मायनर वाजवायचा आणि हात काढून घ्यायचा. तुला ते पटायचं नाही. "लोकायले घरी पोचवून द्या लागते वो. लग्नात लेकरं-बाळं घेऊन येते ते." मी म्हणायची, हे काय लग्न आहे का? तू म्हणायचास, सगळं लग्नच असतं. याचा अर्थ मला कळला नाही आणि तू समजावलाही नाहीस.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते.

मी नववीत जाणार होते तो उन्हाळा. दुपारी तू एका मोटारीच्या स्टेटरमध्ये, त्या लोखंडी कड्यात, तार भरत होतास. मी एकटीच गिटार घेऊन बसले होते आणि फरशीवरच्या खडूच्या गावात बोटांनी फिरत होते. घरून निघाले, पाळीवर चढले, तिथून बोडीत उतरले, बोडीतून वावरात आले, आणि वावर संपलं तर समोर घर. पुन्हा निघाले. पुन्हा घर. प्रत्येक वेळी पोचल्यावर बरं वाटत होतं आणि पुन्हा निघावंसंही वाटत होतं. मी किती वेळ वाजवत होते कुणास ठाऊक. तुझा हात थांबला.

"हे काय होय?"

"असंच. फिरून राहिली."

"पुन्हा वाजव."

मी वाजवलं. तू उठून जवळ आलास. "हे तं मी कोठीच नाई आयकलं," म्हणालास. "हे तुनं काढलं, भाचीबाई?" मी मान हलवली. तू तिथल्या तिथे वाकून माझ्या पायांना हात लावलास. होस्टेलच्या मुलींना मी एकदा सांगितलं की आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, तर त्यांना ते खरं वाटेना. पण तू माझ्या पाया रोजच पडायचास, येताना आणि जाताना, रीत म्हणून, अर्धं हसत. त्या दिवशी हसत नव्हतास. मला तो फरक कळला होता. चौदा वर्षांच्या मुलीला असले फरक फार नीट कळतात, मामा.

मग तू त्या क्रमाला माझं नाव दिलंस. 'भाचीची वाट.' मामीला सांगितलंस, टेकरामकाकांना, गिऱ्हाइकांना, किराणावाल्याला. घरात कुणी पाहुणा आला की "आधी आमच्या भाचीनं काढलेली चाल आयका, मंग चहा." मी लाजायची, पण वाजवायची. पाच वर्षं मी ती वाट माझी म्हणून वाजवली. भीती वाटली की वाजवायची. दहावीच्या गणिताच्या पेपरच्या दिवशी मी बसस्टँडवर मांडीवर बोटांनी वाजवत होते.

आणि बारावीनंतर जेव्हा बाबा म्हणाले की नदीपलीकडच्या भंडाऱ्यातच शिकू दे, तेव्हा तू तीच वाट त्यांच्यापुढे ठेवलीस. मी आतल्या खोलीतून ऐकत होते.

बाबा म्हणाले, "भंडाऱ्यात कॉलेज नाई काय? पूल वलांडला का कॉलेज. नागपूरले कायले पाठवाचं?"

"भाऊजी, पूल तं म्हशीबी वलांडते."

"तू चेष्टा करू नको."

"चेष्टा नाई. हिचं डोस्कं येगळं हाये."

"कायच्यावरून?"

"चवदा वर्साची होती तवा हिनं आपल्या मनानं चाल काढली. दुनियेत नव्हती अशी. मी इतके वर्सं झाले वाजवून राहिलो, मले नाई सुचली. हे पोट्टी कोणाचं पाहून नाई करत. इले दूर जाऊ द्या."

बाबा सातवी शिकलेले. त्यांना गिटार म्हणजे काय ते धड माहीत नव्हतं. ते म्हणाले, "गिटारीवर बी.एस्सी. पास होते काय कोणी?" आई हसली, तू हसलास, बाबाही हसले. पुढच्या आठवड्यात ते स्वतः नागपूरला होस्टेल बघायला आले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि मी गेले ती त्या चार कॉर्डच्या जोरावर. हे मला तेव्हा माहीत होतं. मी अभिमानानं माहीत करून घेतलं होतं.

पुढचं तुला मी तेव्हाच सांगितलं होतं, पण ओरडून सांगितलं होतं. ओरडून सांगितलेलं नीट पोचत नाही. म्हणून पुन्हा सांगते.

मी दुसऱ्या वर्षाला गेले तेव्हा कॉलेजच्या गॅदरिंगसाठी बँडमध्ये मुलं निवडत होते. मी दोन आठवडे दाराबाहेरून बघत होते, मग एक दिवस आत गेले. तिसऱ्या वर्षाचा सौरभ सगळं बघत होता. तो म्हणाला, काहीही वाजव. मी आपली वाट वाजवली.

"छान. कुठलं गाणं?"

"गाणं नाही. माझं आहे. मी काढलं."

"काय काढलं? धून?"

"हे चार कॉर्ड. यांचा क्रम. नववीत जाताना काढला."

सौरभला वाटलं मी गंमत करते आहे. मग त्याला कळलं की गंमत नाही. त्यानं स्वतःची गिटार घेतली आणि तेच चार कॉर्ड वाजवत एकामागून एक गाणी म्हणायला लागला. दोन ओळी एका गाण्याच्या, दोन दुसऱ्याच्या, इंग्रजी, हिंदी, हात न थांबवता. बाकीचे सामील झाले. कुणीतरी टेबल वाजवायला लागलं. त्यातली काही गाणी मी शंभर वेळा ऐकलेली होती, मामा. मुळात ती वेगळ्या सुरातून निघतात, आणि मी घर म्हणजे फक्त सी समजत होते, म्हणून आपली वाट मला कधी त्यांच्यात दिसलीच नाही. सगळे हसत होते. वाईट मनानं नाही. सौरभ नंतर म्हणालासुद्धा, "मनाला लावून घेऊ नको, हे सगळ्यांनाच सापडतं." पण त्या दिवसापासून माझं नाव 'पेटंट' पडलं. कँटीनमध्ये, लायब्ररीत, लॅबमध्ये. "पेटंट, जरा बीकर दे." "पेटंट, हे तुझं तर नाही ना?" मीही हसायला शिकले.

मला हसल्याचं एवढं लागलं नाही. होस्टेलच्या खोलीत बसून मला एवढंच दिसत होतं की ऑर्केस्ट्रात इतकी वर्षं गिटार वाजवणाऱ्या माणसाला हे माहीत नसणं शक्य नाही.

पोळ्याच्या सुट्टीत मी आधी कारध्याला गेले नाही, थेट सिहोऱ्याला आले. तू मोटारीचे वेढे मोजत होतास. वेढे मोजताना बोलायचं नाही, हा तुझ्या दुकानातला एकच नियम. मी तो मोडला.

"मामा, तुले माहीत होतं ना?"

तू मोजत राहिलास. शेवटपर्यंत मोजलंस, तार तोडलीस, टोक वळवलंस. तू काम करत होतास की त्या आकड्यांमागे लपला होतास ते मला ठरवता आलं नाही.

"होतं," म्हणालास.

"मंग मले काहून नाई सांगितलं?"

"सांगून काय होते वो? तुले सापडलं होतं ना. तुहं तोंड तं पाहाचं होतं तवा."

"सारे हसले मले. तिथं माहं नाव पडलं."

"हसू दे. त्यायले कोणंतरी शिकवलं असंन. तुले कोण शिकवलं?"

"तू बाबाले खोटं सांगितलं. दुनियेत नाई म्हणे."

आणि तू हसलास. "मंग? त्याच्याबिगर भाऊजी आयकले असते काय?"

हे वाक्य तू बोलायला नको होतंस. तोवर मला वाटत होतं की तू लाडानं खोटं बोललास. त्या वाक्यानंतर मला वाटलं की मी तुझी एक युक्ती होते. पटवायची युक्ती. मग माझ्याबद्दल तू जे जे चांगलं बोललास त्यातलं खरं किती? माझं डोकं वेगळं आहे हे खरं की तेही बाबांसाठीच? नागपुरात तर रोजच वाटतं की आपण चुकून इथे आलो, इंग्रजीत सर काही विचारतात तेव्हा, शेजारची मुलगी डॉक्टर आईबापांबद्दल बोलते तेव्हा. अशा वेळी पायाखाली धरायला माझ्याकडे एक गोष्ट होती. ती तूच दिली होतीस आणि ती पोकळ निघाली. हे मी त्या दिवशी म्हणाले नाही. मी म्हणाले, "तू मले येडी बनवलं." आणि निघाले.

तू नेहमीसारखा दारात आलास आणि पाया पडायला वाकलास. मी पाय मागे घेतले.

तू क्षणभर तसाच वाकलेला राहिलास. मग जमिनीवरून तारेचा एक तुकडा उचललास, जणू त्याच्यासाठीच वाकला होतास. तो खिशात घातलास आणि म्हणालास, "बस साडेचारची हाये. घाई करू नको."

त्यानंतर आपण पाच महिने बोललो नाही. दिवाळीत मी अभ्यास आहे म्हणून भेटायला आले नाही. आई म्हणाली, "एवढं काय बिनसलं वो तुमचं?" मी तिला सांगितलं नाही. गिटारला हात लावला नाही. बँडमध्ये पुन्हा गेले नाही.

संक्रांतीच्या आसपास तुझा आवाजी मेसेज आला. मी होस्टेलच्या मेसच्या रांगेत उभी होते. आधी गिटार वाजली, मग तू बोललास. "भाचीबाई, हे आयक. वावरातून घरी याच्या आधी मी एक बोट उचललं. मधलं. एफचा एफ मायनर झाला. ऊन असता असता ढग आल्यावानी होते पाय. म्या काढलं हे. तिकडं कोणाचं आधीपासून हाये काय, इचारून सांगजो."

खोटं बोलत नाही, मामा, ते फार सुंदर होतं. एफ वाजतो तोवर सगळं उघडं, आणि एक बोट उचललं की त्याच वावरात सावली पडते, आणि मग घर येतं तर तेही आधीचं घर वाटत नाही; कुणी तरी गेलेलं असावं असं घर वाटतं. रांग पुढे सरकली आणि मी जागेवरच उभी होते. मला ते पुन्हा ऐकावंसं वाटलं. मी ऐकलं नाही. मी लिहिलं, "हे जुनं आहे. खूप गाण्यांत आहे."

तुझं उत्तर आलं, "हो काय. बरं."

मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण त्या दिवशी दिवसभर मला बरं वाटत होतं. मी तुला खरं सांगितलं होतं, जे तू मला सांगितलं नव्हतंस. मार्चमध्ये आईचा फोन आला तेव्हा तुझं आणि माझं शेवटचं बोलणं ते होतं.

तेरवीचं जेवण झाल्यावर मी दुकानात जाऊन बसले. टेकरामकाका मागून आले. तिथे मला राहवलं नाही, मी त्यांना सांगितलं की मामानं बिचाऱ्यानं काहीतरी नवीन काढलं होतं, एवढ्या हौसेनं मला पाठवलं होतं, आणि मी असं असं उत्तर दिलं.

"काय काढलं होतं?"

मी गिटार घेतली आणि वाजवून दाखवलं. मधलं बोट उचललं.

टेकरामकाका माझ्याकडे बघत राहिले. "हे? हे विजूनं काढलं म्हणे?"

"हो."

"अवो बाई, हे तं आमी बिदाईच्या गाण्यात रोज वाजवत होतो. पोरगी गाडीत बसाच्या टायमाले विजू बराबर हे बोट उचले, अन साऱ्या बाया एकदम रडे. मी म्हणो, तुह्या त्या बोटात कांदा हाये काय गा? मले त्यानंच शिकवलं हे. वीस वर्सं झाली असन."

मी म्हणाले, मग त्यानं मला असं का विचारलं?

"मले काय माहीत," ते म्हणाले. "तुह्या मामाले सरळ बोलता येत होतं काय कधी?"

म्हणजे तू मला पुन्हा फसवलंस. एकदा फसवून पोट भरलं नाही. तुला माहीत होतं ते जुनं आहे. कुणाचं आहे का हे विचारायची तुला गरजच नव्हती. मी सहा दिवस याचाच विचार करते आहे आणि मला एकच अर्थ लागतो. पोळ्याच्या वेळी मी विचारलं होतं, काहून नाई सांगितलं? तेव्हाचं तुझं उत्तर मला पटलं नाही, वर तू हसलास. मग पाच महिन्यांनी तू मला तुझ्या जागी बसवून बघितलंस. कुणी तरी आनंदानं सापडलेलं घेऊन येतं, आणि ते जुनं आहे हे आपल्याला माहीत असतं. आता बोल, काय बोलशील? तू तेव्हा काय बोललास ते मला माहीत आहे. मी काय बोलले ते तुला कळलं. "हो काय. बरं." हे तू कोणत्या आवाजात म्हणालास ते लिहिलेल्या अक्षरांतून मला कधीच कळणार नाही. तू हसलास का? वाईट वाटलं का तुला? की माझी भाची खरं बोलते म्हणून समाधान वाटलं? हे सांगायला तरी थांबायचं होतंस. कोडं घालून माणूस निघून जातो का?

आणि कदाचित हा अर्थही चुकीचा असेल. कदाचित तुला नुसतं माझ्याशी बोलायचं होतं, आणि बोलायला निमित्त हवं म्हणून जे हातात होतं ते पाठवलंस. हे मनात आलं की मी तो विचार पुढे करत नाही.

मामा, मी तुझ्यासारखं उत्तर दिलं नसतं. आजही देणार नाही. "हे कोठीच नाई" असं मी तुला म्हणाले नसते, कारण एक दिवस दुसऱ्या कुणी तरी तुला हसलं असतं. पण तो मेसेज आज आला असता तर मी विचारलं असतं, कुठे बसला होतास सापडलं तेव्हा? काय वाजवत होतास आधी? म्हटलं असतं, पुन्हा वाजव, आणि मग मीही तुझ्यासोबत वाजवलं असतं, पोटभर. आणि सगळ्यात शेवटी सांगितलं असतं की मामा, हे फार जुनं आहे, पुष्कळांना सापडलंय, आणि आज तुला सापडलं. त्यात खोटं काही नसतं आणि तुझ्या तोंडावरचा आनंदही गेला नसता. मला हे सुचायला एवढे महिने लागले. पण तुला तर पाच वर्षं होती. पाच वर्षांतल्या कुठल्याही दुपारी तू मला हे म्हणू शकला असतास. मी चौदा वर्षांची होते, मला समजलं असतं. जगभरातल्या लोकांना जे सापडलं ते सिहोऱ्याच्या दुकानात बसून मलाही सापडलं, हे मला तेव्हाही मोठंच वाटलं असतं. ते घेऊन मी बाबांसमोर स्वतः उभी राहिले असते.

काल मी बँडच्या खोलीत गेले. सौरभ म्हणाला, "ये पेटंट, काय वाजवतेस?" मी एफ मायनरचं सांगितलं. हे माझ्या मामाकडून आलं आहे, बिदाईला वाजवतात, असं म्हणाले. ते खरं आहे, मी त्यात काही वाढवलं नाही. मुलं ऐकत होती. एकानं विचारलं, मामा कुठे असतात? मी बोट ठेवलं आणि वाजवायला लागले, आणि तुझ्यावरचा राग तसाच होता.